तुम्ही विचारलंत म्हणून: बाई, हे यती-बिती कशाला?

"बाई, तुम्ही सायन्सच्या. तुम्हाला हे यती-बिती कशाला?" सांगलीत आमच्या कॉलनीत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, तेही माझं तोंड उघडं असताना. हिमालयातला हिममानव यती आणि तसल्याच ऐकीव प्राण्यांच्या कात्रणांची माझी जाड फाइल कुणाच्या नजरेला पडली की प्रश्न आलाच. माझं उत्तर ठरलेलं असायचं: अफवा कशा पसरतात त्याचा अभ्यास करते. ते खोटं होतं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला शोभेल असं उत्तर, एवढंच.

विश्वास आहे का? नाही. स्कॉटलंडच्या नेस सरोवरातल्या त्या कथित राक्षसाचा, मान वर काढलेला १९३४ चा फोटो म्हणजे खेळण्यातली पाणबुडी आणि तिच्यावर लाकडाच्या पुट्टीची मान. घडवणाऱ्यानंच म्हातारपणी कबूल केलं. २०१८ साली त्या सरोवराचं पाणी नेऊन डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही, ईल मासे मात्र मुबलक. यतीचे म्हणून जपलेले केस, हाडं, कातडी यांचे नऊ नमुने २०१७ मध्ये तपासले, तर आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा. हे सगळं माझ्याच फाइलीत आहे. तरी रात्री अकराला मी तीच पानं पुन्हा उलटते.

त्याचं कारण यती नाही. आमचा पाणवठा आहे.

माझं सासर पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठी. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा मे महिना. धाकटी जाऊ धुणं अर्धवट टाकून वर आली. पिळे बादलीत तसेच, पदर ओला. म्हणाली, "अक्का, पाण्यात लाकूड हुतं. त्याला डोळं हुतं." सोप्यात शेजारच्या चार बायका बसलेल्या. मी हसले. नुसती हसले असते तरी चाललं असतं. पण मी शिकवायला लागले: प्रकाश पाण्यावर कसा वाकतो, भीती वाटली की मेंदू चेहरे कसे शोधतो. हातात खडू नव्हता, इतकंच. बायकाही हसल्या. सासूबाई म्हणाल्या, डोहात आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, आहेत, बोलू नये. त्यांनाही मी गप्प केलं.

आठवड्यानं ती शेळी पाण्यावर घेऊन गेली. परत आली ती एकटीच. माझ्यासमोर उभी राहिली आणि हातातलं दावं खाली टाकलं. वीतभर तुकडा, ओला, टोकाला सुंभ पिंजारलेलं. "घ्या तुमचं लाकूड." तिच्या दोन्ही तळहातांची साल निघाली होती. तिनं दावं सोडलंच नव्हतं, ते तुटलं होतं. हे मला हळद लावताना कळलं. पाण्यात आणखी दोन पावलं गेली असती तर, हा विचार मी आजही पुरा करत नाही.

माझ्या बाजूनं सांगते: आमच्या पाणवठ्यावर तोवर कुणी मगर पाहिल्याचं ऐकिवात नव्हतं. पण नदीला वर-खाली मगरी आहेत हे मला ठाऊक होतं. तेव्हा ही बाजू फार टिकत नाही. सासूबाई हिरवा खण घेऊन आसरांची ओटी भरायला निघाल्या. मी म्हटलं, "आई, मगर होती ती." त्या म्हणाल्या, "व्हय, पण कुणाच्या हुकमानं आली?" यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

तेव्हापासून सीलाकँथची गोष्ट मला सोडत नाही. तो मासा डायनासोरांबरोबर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला असं सगळे शास्त्रज्ञ धरून चालले होते. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तो जाळ्यात सापडला. पुढे कळलं की कोमोरोस बेटांवरच्या कोळ्यांना तो आधीपासून माहीत होता. नावसुद्धा होतं, गोम्बेस्सा. त्यांना विचारायला कुणी गेलं नव्हतं.

म्हणजे जो जे पाहिलं म्हणेल ते खरं? नाही हो. २००१ च्या मे महिन्यात दिल्लीत काळ्या माकडाची आवई उठली आणि भीतीपोटी छतांवरून पडून माणसं मेली. तिथे कुणीतरी माझ्यासारखी शिकवणारी बाई हवी होती. मग सोप्यात काय चुकलं माझं? शिकवलेलं चूक नव्हतं. प्रकाश वाकतोच. किती लांब होतं, कुठल्या बाजूला होतं, हललं का, एवढं आधी विचारायला हवं होतं, असं मी स्वतःला सांगते. पण ऐकून घेऊनही मी शेवटी हसलेच असते, असंही वाटतं.

आणि गंमत वाटते, हेही खरंच. दुःखाचं कारण पुढे करून ती लपवत नाही. अंधाऱ्या पाण्यात काहीतरी असावं असं मला वाटतं, आणि ते सापडू नये असंही वाटतं.

जाऊ त्यानंतर मला पिकाचं सांगते, सुनांचं सांगते, नदीचं कधी सांगत नाही. गेल्या दिवाळीत चकल्या पाडताना मी मोबाइलवर तो नेसचा फोटो तिच्यापुढे धरला. पिठाचे हात वर धरून तिनं मान वाकडी केली आणि बराच वेळ पाहिलं.

"लाकूड हाय, अक्का," म्हणाली, आणि सोऱ्या परत हातात घेतला.