रानात कचऱ्याचा डबाच नाही

रविवारी इथं फिनलंडमधल्या नूक्सिओच्या रानात जाऊन आलो आणि तेव्हापासून डोक्यात एकच विषय घोळतोय, म्हणून आज लिहायलाच बसले.

एस्पोहून २४५ नंबरची बस पकडली की थोड्या वेळात पाइन आणि स्प्रूसचं दाट रान सुरू होतं, मधे मधे काळीशार तळी. आम्ही दोघं आणि मुलगी. बरोबर रताळी, कणसं, शेंगदाण्याची चटणी. इथल्या दुकानातलं रताळं आतून केशरी असतं, आपल्या बेळगावच्या लाल सालीच्या रताळ्याची सर त्याला नाही, खरं निखाऱ्यात भाजायचं म्हटल्यावर दुसरं काय घेणार.

जाळ करायच्या जागा ठरलेल्या आहेत, तिथंच करायचा. शेजारी लाकडांची खोपी, आत वाळलेली लाकडं नीट रचलेली, आणि ओंडक्यात रुतवून ठेवलेली कुऱ्हाड. राखणदार नाही, पावती नाही. मेट्सहालितुस म्हणजे इथलं सरकारी वनखातं ही लाकडं आणून ठेवतं, आपण लागतील तेवढीच घ्यायची.

नवरा जाड लाकडाखाली कागद कोंबून फुंकत बसला होता, नुसता धूर. पलीकडं एक आजोबा सॉसेज भाजत होते. ते काही न बोलता उठले, बर्चच्या लाकडाची पांढरी साल सोलली, सुरीनं एका काटकीला कुरळ्या साली काढल्या, त्या काटकीलाच लटकत ठेवल्या, आणि एका काडीत जाळ धरला. मग स्वतःची सॉसेजं एका कडेला सरकवून आमच्या रताळ्यांना जागा करून दिली. तासाभरात दहा वाक्यंसुद्धा बोलले नसतील, तरी मला आमच्या गल्लीतल्या काकांची आठवण येऊन गळा दाटून आला.

आणि मग खाऊन झाल्यावर कचरा. तेलकट फॉइल, ज्यूसचे खोके, टिश्यू, खाऊन उरलेली कणसं. मी पिशवी घेऊन डबा शोधत फिरले, तळ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठ्ठं नाही. आजोबांना विचारलं तर त्यांनी आपल्या पाठपिशवीवर दोनदा थाप मारली. म्हणजे आणलं ते घरी न्यायचं. खरं सांगते, मला रागच आला. एवढा टॅक्स भरतो, लाकडं फुकट देता, कुऱ्हाड देता, आणि एक डबा ठेवता येत नाही? बसमध्ये मांडीवर तो चिकट वास मारणारा बोचका घेऊन बसले होते आणि सारखी धुसफुसत होते. घराजवळ येईपर्यंत डोकं शांत झालं तेव्हा पटलं, डबा ठेवला तर तो भरणार, जनावरं ओढणार, मग तो उपसायला रानात गाडी आणायची. आपल्याकडं जांबोटीच्या पुढं रस्त्याकडेला बघितलंय की, डब्यात कमी आणि डब्याभोवती जास्त, वर फुटलेल्या बाटल्या.

खरं लगेच आपल्याला नावं ठेवू नका. शाळेतनं वनभोजनाला जायचो तेव्हा कुठं होता कचरा? पत्रावळ्या असायच्या, जेवण झालं की त्या गुरांपुढं, परत येताना रिकामे डबे तेवढे. पॅकेट आणि बाटल्या नंतर आल्या, त्या काय करायच्या हे कुणी आम्हाला शिकवलंच नाही. आणि लाकडांचं म्हणाल तर खानापूरच्या रानातनं जी बाई डोक्यावर मोळी घेऊन येते तिची चूल त्यावर पेटते, इथल्यासारखी रविवारची हौस नाही ती. तिच्यापुढं फुकट लाकडांची खोपी ठेवून "लागेल तेवढंच घे" म्हणणं मला तरी जमणार नाही.

इथं कुणाच्याही रानात ब्लूबेरी आणि अळंबी वेचायचा सगळ्यांना हक्क आहे, त्याचं केवढं कौतुक करतात. आम्ही मे महिन्यात करवंदं तोडताना कुणाला विचारलं होतं? आणि नूक्सिओ १९९४ पासून राष्ट्रीय उद्यान, ५० चौरस किलोमीटरच्या थोडं वर. आपलं खानापूरकडचं भीमगड १९० चौरस किलोमीटरचं, २०११ ला अभयारण्य झालं. यांचं चिन्ह उडती खार, तर आपल्या भीमगडातल्या बारापेडेच्या गुहेत जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं वटवाघूळ. इथं ऑफिसात कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

तरी मुलगी त्या तळ्याकाठी अनवाणी पळत होती, एक काच पायाखाली येईल अशी भीती मला एकदाही वाटली नाही. ह्यासाठीच आपण इथं राहिलो असं मी मनाला सांगते, आणि ते खोटं नाही.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या आजोबांना रताळं दिलीस काय गं?" दिलं होतं. त्यांनी सालीसकट खाल्लं.

डिसेंबरात येतेय. भावाला सांगून ठेवलंय, एक दिवस कणकुंबीकडं जाऊ, पत्रावळ्या आणि रताळी त्यानं आणायची, रिकाम्या पिशव्या मी आणते.