हायफन म्हणजे कपलिंग

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं आणि मी सगळ्यात आधी काय बघितलं, तर इंग्रजी मजकुरात हायफन, म्हणजे दोन शब्द जोडणारी ती छोटी रेघ, कुठे लावायचा राहिला का ते. ही खोड इंग्लिशच्या सरांनी लावलेली. नाव लिहीत नाही, आपल्या भुसावळात कुणाला सांगावं लागत नाही.

वर्गात निम्म्या पोरांचे बाप रेल्वेत, म्हणून सर म्हणायचे हायफन म्हणजे कपलिंग, गाडीचे दोन डबे जोडतं ते. 'अ वेल-नोन डॉक्टर' म्हणताना लावायचं, 'द डॉक्टर इज वेल नोन' म्हटलं की सोडायचं, पुढे जोडायला डबाच नाही. एकदा फळ्यावर 'ट्वेन्टी फाइव्ह-किलो बॅग्ज' आणि 'ट्वेन्टी-फाइव्ह-किलो बॅग्ज' लिहून विचारलं, हमाल कुठे जास्त वाकेल? पहिल्यात पाच किलोच्या वीस पिशव्या, दुसऱ्यात एकेक पिशवीच पंचवीस किलोची!

रौप्यमहोत्सवाला मी नववीत. गेटवरच्या बॅनरवर पेंटरने 'ट्वेन्टी फिफ्थ' हायफनशिवाय रंगवलेलं, पाहुणे दहाला येणार, तर सरांनी सकाळी साडेसातला मला डबा-ब्रश देऊन शिडीवर चढवलं आणि पांढऱ्या कपड्यांत स्वतः शिडी धरून उभे. मी जोशात वीतभर रेघ ओढली. खालून आवाज आला, "अरे भो, हा डॅश झाला! डबे जोडायचेत की मधे प्लॅटफॉर्म बांधायचाय?" पुसायला गेलो तर शेजारच्या 'वाय'चं शेपूट पण गेलं. दिवसभर मला स्टेजवरचं काही दिसलं नाही, तेवढं 'वाय' दिसत होतं.

आज मी रावेरला केळी एक्स्पोर्टची कागदपत्रं करतो, हाताखाली बारा माणसं आहेत. एकदा 'री-साइन'मधला हायफन खाल्ला, तर समोरच्या पार्टीचा घाबरून फोन, करार परत सही करायचाय की राजीनामा देताय?

2007 साली शॉर्टर ऑक्सफर्ड डिक्शनरीने सुमारे 16,000 हायफन काढले, 'क्राय-बेबी'चं 'क्रायबेबी' झालं. पेपर घेऊन सरांकडे गेलो, वाटलं चिडतील. चहा ओतत म्हणाले, "दोन डबे वेल्डिंग करून एकच केल्यावर कपलिंग कशाला रे?"

आता सर नाहीत. यंदाच्या 'फिफ्टीथ'ला हायफन लागतच नाही म्हणा. पण पंचाहत्तरीच्या 'सेव्हन्टी-फिफ्थ'ला लागेल, तेव्हा जी कमिटी असेल तिने प्रिंटवाल्याला आधीच सांगून ठेवावं, फ्लेक्सवर ब्रश नीट चालत नाही.