अल कूझमधलं वर्कशॉप: आमची वाटचाल

2004 साली आयटीआयचं रेफ्रिजरेशनचं सर्टिफिकेट घेऊन मी चिपळूणहून दुबईला आलो. सोनापूरच्या कामगार कॅम्पात एका खोलीत आठ जण राहायचो. पहाटे चारला बस निघायची. तीन वर्षं टॉवरमध्ये एसीचे डक्ट, म्हणजे थंड हवेचे पत्र्याचे मार्ग, बसवले आणि 2007 मध्ये दुबईतल्याच अल कूझ या औद्योगिक भागात लहानसा गाळा घेऊन एसीच्या कामाची स्वतःची कंपनी काढली. त्या काळी 51 टक्के हिस्सा इथल्या नागरिकाच्या नावावर ठेवावा लागे. आम्हाला भागीदार भला माणूस मिळाला. आता 2021 पासून बहुतेक धंद्यांना ती अट उरलेली नाही.

पहिलं वर्ष जोरात गेलं. टॉवर उठत होते, माणसं पुरत नव्हती. मग 2008 च्या अखेरीला कामं एकाएकी थांबली. इथे पैसे पुढच्या तारखेच्या चेकने मिळतात. एका ठेकेदाराचे तीन चेक आमच्याकडे होते, एकही वटला नाही. सात माणसांचे पगार थकले. मी पिकअप विकून दोन महिन्यांचे पगार दिले आणि सगळ्यांना सांगितलं, ज्याला जायचं त्याने जा, कागद मी करून देतो. चौघे गेले. 9 सप्टेंबर 2009 ला मेट्रो सुरू झाली, तेव्हा आम्ही उरलेले टूलबॅग खांद्यावर घेऊन बसने करामा या जुन्या वस्तीत फिरत होतो, जुन्या विंडो एसी दुरुस्त करत.

तिथेच आम्हाला आमचं काम सापडलं. एका घरात छताच्या जिप्समवर तपकिरी डाग पडला होता, खाली बादली ठेवलेली. त्या बाईंकडे आधी दोघे येऊन गॅस भरून पैसे घेऊन गेले होते. मी वरचं पॅनेल उघडलं, पाण्याचा ट्रे काठोकाठ भरलेला. किनाऱ्यावरची दमट हवा, त्यामुळे एसीच्या आतल्या थंड कॉइलवरून पाणी सतत गळतं, आणि इथे तर ड्रेन पाइपचा उतार उलटा, युनिटकडे होता. पाइप सोडवला, आतला शेवाळासारखा चिकट गाळ काढला, दोन क्लॅम्प वर घेऊन उतार नीट केला. दीड तास लागला. त्या बाईंनी शेजारी सांगितलं, महिन्याभरात पूर्ण इमारतीचं वार्षिक कंत्राट आमच्याकडे आलं. नवे टॉवर बांधण्याच्या मागे आम्ही परत लागलो नाही. बांधलेल्या घरांत माणसं राहतात, आणि ऑगस्टमध्ये त्यांना रात्री झोप लागली पाहिजे, एवढंच आम्ही धरून ठेवलं.

गच्चीवरच्या कामाबद्दल आमचा एक नियम आहे. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12.30 ते 3 उन्हात काम करायला कायद्याने बंदी आहे. आम्ही अकरानंतरच माणूस वर पाठवत नाही. आमचा खेडचा एक मेकॅनिक एकदा साडेअकराला कंडेन्सरजवळ, म्हणजे एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ, उलटी करून खाली बसला होता. हात-पाय गार, घाम थांबलेला. बर्फ लावत मी त्याच्याजवळ बसलो होतो, ती वीस मिनिटं मी विसरलेलो नाही. ग्राहक ओरडले तरी पहाटे पाचचीच वेळ देतो.

16 एप्रिल 2024 च्या पावसात आमची एक व्हॅन बुडाली. शारजात राहणारी पोरं तीन दिवस कामावर येऊ शकली नाहीत. पाणी ओसरल्यावर जमिनीलगतच्या युनिटांचे बोर्ड काढून, वाळवून, तपासून मगच वीज जोडायची, असं सगळ्या ग्राहकांना एकेक फोन करून सांगितलं.

आज आम्ही एकोणीस जण आहोत. 2009 मध्ये थांबलेल्या तिघांपैकी दोघे अजून सोबत आहेत. करामातली ती इमारतही आमच्याकडेच आहे. दर मे महिन्यात तिथे गेलो की आधी ड्रेन पाइपला लेव्हल लावून उतार बघतो, गॅसचा दाब मोजायचं गेज नंतर.