डावीकडे खाण

दृष्टिहीनांना पांढऱ्या काठीने चालायला शिकवणं हे माझं काम. रस्ता ओलांडणं, बसस्टॉप शोधणं, जिने चढणं-उतरणं यातच आमचे तास जातात. काकांनी मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, बाजारात बायको नेते. मला टेकडीवर जायचंय." काचबिंदूने नजर जाण्याआधी ते रोज पहाटे पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जायचे. नंतर गेले ते कुणाचं तरी कोपर धरूनच.

मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साउंडस्केप नावाचं अ‍ॅप आणलं होतं. २०२३ मध्ये ते बंद केलं, पण कोड सगळ्यांसाठी खुला केला. त्या कोडवरून पुढे बनलेलं एक अ‍ॅप आमच्याकडे होतं. ते सतत 'डावीकडे वळा, उजवीकडे वळा' करत नाही. नकाशावर आपण ठेवलेली खूण ज्या दिशेला असेल, त्या दिशेने एक ठोका ऐकू येत राहतो. एका कानाला तो किंचित आधी पोचतो, दुसऱ्याला मागाहून, आणि अशा फरकांवरून मेंदू दिशा ओळखतो. तोंड बरोबर खुणेकडे झालं की ठोक्यात घंटेसारखा नाद मिसळतो. इअरफोन गालाच्या हाडावर टेकणारे, म्हणजे कान मोकळेच.

आदल्या रविवारी मी एकटी जाऊन वेताळाच्या देवळापर्यंत १४ खुणा टाकून आले होते. प्रत्येकीला टिपण लिहिलं, खुणेपाशी पोचलं की अ‍ॅपमधला बाईचा आवाज ते वाचून दाखवणार: इथे बाक, इथे गिरिपुष्पाची झाडं, इथून शहर दिसतं. फार मन लावून केलं होतं.

साडेसहाला चालायला लागलो. काका पुढे, मी दोन पावलं मागे. पंधरा मिनिटांत त्यांचे खांदे सैल झाले, पावलं लांब पडू लागली. मधेच ते थांबले.

"ताई, ही बाई फार बोलते हो. मोर ओरडत होता, आणि हिने झाडांचं सुरू केलं."

मला लागलं. पण 'शहर दिसतं' हे मी कुणासाठी लिहिलं होतं?

खाणीजवळ ठोका डावीकडे सरकला. उपग्रहांचे संकेत कड्यांवर आपटून येतात, झाडीत क्षीण होतात, मग फोन आपली जागा काही मीटर चुकीची धरतो. मोकळ्या माळावर त्याने काही बिघडत नाही. इथे डावीकडे खोल खाण होती. मी हात पुढे केला, त्याआधीच काका उभे राहिले होते. काठीच्या टोकाला सैल खडी लागली होती.

"डावीकडे मोकळं आहे," ते म्हणाले. "वारा त्याच गालावर येतोय. आवाज चुकतोय."

माझे पाय थरथरत होते. त्यांचा श्वाससुद्धा वाढला नव्हता. इतक्या वर्षांच्या पहाटा त्यांच्या अंगात मुरलेल्या होत्या, आणि मी टिपणं लिहिताना त्यांना काहीच विचारलं नव्हतं.

देवळापाशी बसून त्यांनी एकेक खूण ऐकली आणि माझ्याकडून १४ पैकी १० पुसून घेतल्या. फाटे तेवढे राहिले. परतताना खाण मागे टाकल्यावर, कडेपासून बऱ्याच आत, त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि पुढच्या वेळी देवळाकडे जाताना ऐकू यावी म्हणून एक नवी खूण स्वतःच्या शब्दांत घातली: "डावीकडे खाण. थांब. काठीने बघ."