उणे सात

पॅच, म्हणजे कोडमधला बदल, जेमतेम चार ओळींचा. आमचा एक जुना ड्रायव्हर लिनक्सच्या नव्या कर्नलवर आणायचं काम चाललंय. ६.८ पासून कर्नलमध्ये स्ट्रएलकॉपी हे मजकूर कॉपी करणारं फंक्शन उरलेलंच नाही, त्यामुळे बिल्ड अडलं होतं. टीममधल्या मुलीने चारही ठिकाणी त्याच्याऐवजी स्ट्रएसकॉपी घातलं आणि कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या टिपणात) लिहिलं, 'नो फंक्शनल चेंज', म्हणजे वागणुकीत काहीच बदल नाही. बिल्ड झालं, चेकपॅच हे पॅच तपासणारं स्क्रिप्ट गप्प, टेस्ट पास.

हे वाक्य दिसलं की मी डिफ (फक्त बदललेल्या ओळी) बाजूला ठेवते आणि आख्खी फाइल उघडते. नव्या फीचरची सगळे कसून तपासणी करतात. क्लीनअपला मात्र हसत हसत सही मिळते. मला ते पटत नाही.

स्ट्रएलकॉपी गेलं ते बरंच झालं. सोर्सची पूर्ण लांबी सांगायची म्हणून ते मजकुराच्या शेवटी असणारा शून्य बाइट सापडेपर्यंत वाचत सुटायचं. तो नसला की भलत्याच मेमरीत. स्ट्रएसकॉपी दिलेल्या मापात थांबतं, आणि मजकूर मावला नाही तर लांबीऐवजी उणे ई-टू-बिग, म्हणजे -७ परत देतं. गोम इथेच होती.

दोन ठिकाणी ती रिटर्न व्हॅल्यू कोणी बघतच नव्हतं. तिसरीकडे तुलना साइझऑफशी, म्हणजे बफरच्या (मजकूर ठेवायच्या जागेच्या) मापाशी: लांबी तेवढी किंवा जास्त, तर मावलं नाही. साइझऑफ अनसाइन्ड, म्हणजे उणे आकडा न मानणारं, म्हणून -७ चाही अवाढव्य अनसाइन्ड आकडा होतो आणि 'मावलं नाही' ही अट खरी ठरते. निव्वळ नशीब! टेस्ट नेमकी याच वाटेने जात होती. चौथीकडे मात्र ३२ चा मॅक्रो (नाव दिलेला आकडा), साधा इंट, म्हणजे उणे चालणारा. -७ काही ३२ पेक्षा मोठे नाहीत. अट खोटी, एरर गायब. पुढच्याच ओळीत ही लांबी हेडरच्या एका बाइटच्या फील्डमध्ये जाते. मी ४० अक्षरांचं नाव देऊन पाहिलं. बफर ३२ बाइटांचा आणि हेडरमध्ये लांबी २४९ (एका बाइटमध्ये -७ म्हणजे २५६ उणे ७)! पलीकडचा कोड त्यावर विसंबून शेजारची मेमरी वाचणार.

तिला शेजारी बसवून दाखवलं. म्हणाली, "ताई, पण त्या अटीला तर मी हातच लावला नाही."

"अगं, तेच तर."

संध्याकाळी व्ही-२, म्हणजे पॅचची दुसरी आवृत्ती, आला. दोन्हीकडे 'शून्यापेक्षा कमी' अशी सरळ अट, ४० अक्षरांच्या नावाची नवी टेस्ट, आणि कमिट मेसेजमध्ये 'नो फंक्शनल चेंज'च्या जागी रिटर्न व्हॅल्यू कशी बदलते ते तीन ओळींत. टेस्ट माझ्या मशीनवर एकदा चालवली आणि रिव्ह्यूड-बाय, म्हणजे 'तपासलं' अशी माझी सही, दिलं.