आज दिवसभर एकच गाणं, ‘कॉलिन बॅटन रूज’

सकाळी भांडी घासताना न्यू ग्रास रिव्हायव्हल या अमेरिकन प्रोग्रेसिव्ह ब्लूग्रास (म्हणजे बॅन्जो-मँडोलिनवालं लोकसंगीत, पण नव्या वळणाचं) बँडचं १९८९ चं ‘कॉलिन बॅटन रूज’ (Callin’ Baton Rouge) लावलं आणि मग दिवसभर तेच, घरचे वैतागले पण काय करणार. गोष्ट म्हणाल तर एवढीशी, एक माणूस ऑपरेटरला विनवतोय की बॅटन रूज शहरात फोन जोडून दे. मग एवढा उत्साह येतो कुठून?

माझ्या मते अर्धं श्रेय बॅन्जोला. बँडचा बॅन्जोवाला बेला फ्लेक तीन बोटांनी वाजवतो, आणि या रोल्समध्ये, म्हणजे बोटांच्या ठरलेल्या फिरत्या क्रमांमध्ये, आठ स्वर सरळ चार-चार न पडता बरेचदा तीन-तीन-दोन असे पडतात, त्यामुळे वजन सारखं बीटच्या पुढेमागे सरकत राहतं आणि आपण खुर्चीत बसल्या बसल्या पुढे ढकलले जातो. त्याच्यावर मँडोलिनचा चॉप, म्हणजे तारा दाबून लगेच सोडायच्या, नुसता ‘चक्’ आवाज, तोही दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो, त्याच्या काळापासून ब्लूग्रासमध्ये ड्रम्सचं काम मँडोलिनच करत आलंय, इथे ते सॅम बुशकडे. (त्याचा उजवा हात एकदा व्हिडिओत बघाच!)

आणि याला साधं ब्लूग्रास न म्हणता प्रोग्रेसिव्ह का म्हणायचं, तर जॉन कावनचा इलेक्ट्रिक बास आणि रॉकवाल्यासारखा मोकळा उंच गळा. परंपरावाले नाकं मुरडतात, मुरडू देत. पुढे कंट्री गायक गार्थ ब्रुक्सने हेच गाणं केलं तेव्हा साथीला याच मंडळींना बोलावलं, पण मला अजूनही न्यू ग्रास रिव्हायव्हलचंच जास्त आवडतं, हेडफोन लावून ऐका आणि आधी फक्त बॅन्जो पकडा