क्लियर टायटलचं नाव

नागपूरच्या माणसाला प्लॉटचं भलतं वेड. बेसा म्हणा, हिंगणा म्हणा, जामठा म्हणा, कुठेही लेआउट पडला की रविवारी गाडी काढून बघून येणार, घ्यायचा असो की नसो, आणि पहिला प्रश्न एकच, टायटल क्लियर आहे का, म्हणजे जागेवर आधीच दुसऱ्या कोणाचा हक्क तर नाही ना? पोरीचं नाव शोधताना आमचं अगदी हेच झालं. चांगली नावं ढिगाने होती हो, पण प्रत्येकावर आधीच कोणीतरी कंपाउंड घालून बसलेलं.

मी म्हटलं मीरा. बायको म्हणाली मीरा नाही, शाळेत एक मीरा होती, तिने माझं कर्कटक नेलं ते आजपर्यंत परत दिलं नाही. ती म्हणाली सानिका. आता माझ्या पहिल्या ऑफिसात एक सानिका मॅडम होत्या, शनिवारी बरोब्बर साडेपाचला फाईल मागायच्या, म्हणजे पोरगी हट्टाला पेटली की मी रागवायच्या ऐवजी उभा राहून येस मॅडम म्हणणार. इरा दोघांनाही आवडलं, आणि त्याच आठवड्यात कळलं की आमच्या अपार्टमेंटमध्येच दोन इरा आहेत, एक तिसऱ्या माळ्यावर आणि दुसरी पार्किंगमधली कुत्री. एका नावाला मी जरा जास्तच पटकन नाही म्हटलं, त्याची चौकशी घरात अजून चालू आहे.

नेटवर पाहिलं तर तिथे वेगळीच गंमत. कितीही अगम्य नाव काढा, अर्थ फिरून फिरून तेच, लक्ष्मी, दुर्गा, नाहीतर सूर्याचा पहिला किरण. पळसाला पानं तीन.

इकडे आईने गुरुजींना पत्रिका दाखवली. हस्त नक्षत्र, तिसरा चरण. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ, म्हणजे आमच्या वाट्याला आला ण. बाणातला ण! मराठीत ण पासून सुरू होणारा एक शब्द दाखवा मला. गुरुजी म्हणाले न चालते, पण आईच्या डोक्यात ण बसला तो बसलाच.

तोवर पोरगी हिंगणघाटला, बायकोच्या माहेरी, बिननावाचीच. बारसं बाराव्या दिवशी करतात, आम्ही ते पुढे ढकललं. जन्माची नोंद मात्र २१ दिवसांत करावी लागते, ती केली, नावाची जागा कोरी ठेवून. तेव्हा कळलं की असं चालतं, वर्षभरात नाव टाकलं तर फुकट, नंतर लेट फी भरून पार १५ वर्षांपर्यंत टाकता येतं. बायको म्हणाली, बरं झालं, दहावीच्या फॉर्मवर तीच टाकेल काय टाकायचं ते. ती गंमत करत होती असं मला तेव्हा वाटलं.

सव्वा महिना झाल्यावर दोघींना घेऊन नागपूरला निघालो. पावसाळ्याचे दिवस, पुलाखाली गढूळ पाणी दोन्ही काठ धरून चाललेलं, पुढे एक ट्रक बंद पडलेला, त्यामुळे गाडी पुलावरच उभी. ही मागे पोरीला मांडीवर घेऊन बसलेली. बराच वेळ खिडकीतून पाहत राहिली आणि मग विचारलं, "वेणा नावाची कोणी होती का रे तुझ्या कॉलेजात?"

"नाही. तुझ्या?"

"नाही."

झालं. आठ महिने जे भांडलो ते ह्या एवढ्यात मिटलं. वेणा म्हणजे त्या पुलाखालची नदी, ती निघते नागपूरजवळच्या टेकड्यांतून आणि जाते हिंगणघाटला, म्हणजे माझ्याकडून तिच्याकडे, पुढे वर्धा नदीला मिळते, तिथवर आम्ही विचार केला नाही. आणि मुख्य म्हणजे त्यात ण आहे! आईला म्हटलं, पुढे नाही बसला तर काय झालं, मागच्या सीटवर आहे ना.

लोकांना पटवणं वेगळं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काहून बाप्पा, असं नाव राहते का पोरीचं?" बहीण म्हणाली दादा, मी आत्या आहे, कानात मलाच सांगायचं आहे, तर आधी नक्की सांग, वेणा का वीणा? सासरेबुवा तर पहिल्या दिवसापासून दुरुस्ती करतात, कारण हिंगणघाटात त्या नदीला वणा म्हणतात, आणि ते नातीलाही वणाच म्हणतात.

खरं सांगू का, विचित्र नाव विचित्र नाव म्हणतात ते मला काही पटत नाही. आपल्याच भंडारा-गडचिरोलीकडे मंगळवारी झाला तो मंगरू, बुधवारी झाला तो बुधा, किती सुटसुटीत. पोरं जगत नसत तेव्हा यमाला हाव सुटू नये म्हणून धोंडू, दगडू ठेवायचे, त्यात केवढी काळजी होती. आणि ह्याच महाराष्ट्रात नको असलेल्या पोरींना नकुशा म्हणायचे, २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेच्या वर नकुशांची नावं समारंभ करून बदलली. ते नाव चाललं इतकी वर्षं, कोणी असं नाव राहते का म्हणून विचारलं नाही, आणि नदीचं नाव ठेवलं तर काकूंना झोप नाही.

लसीच्या कार्डावर तिचं नाव 'विना' आलं आहे. बायकोने ते वाचलं आणि विचारलं, "विना काय?" आता कार्डावर पेनने मात्रा दिली आहे, ती जरा वाकडी दिसते.

परवा दुसऱ्या माळ्यावरचं जोडपं आलं होतं, तिला सातवा महिना. म्हणाले, तुमच्या पोरीचं नाव आम्हाला फार आवडलं, युनिक आहे, मुलगी झाली तर आम्ही पण हेच ठेवायचं म्हणतो, चालेल ना? मी सवयीने हो हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

बायको चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत म्हणाली, "कन्हान नदी रिकामी आहे अजून."